डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन भाकरी

माझ्या मानेच्या मागच्या बाजूला एक काळा पट्टा होता. मी बारावीत असल्यापासून तो होता आणि आईच्या मते तो मळ होता. रविवारी ती मला न्हाणीत पाटावर बसवायची, केस वर धरायला लावायची आणि वजरीनं मान घासायची. वजरीनं लोक टाचा घासतात. वजरी झाली की लिंबाची फोड, मग मसुराचं पीठ, मग पुन्हा वजरी. मान लाल व्हायची, दोन दिवस आग व्हायची आणि लाली उतरली की पट्टा असायचा तिथंच.

"किती मळ धरतीस गं मानंवर," आई म्हणायची. "लोकं म्हणत्याल, आयनं कदी न्हाऊ घातलं न्हाय."

लग्नाकार्यात मी सोलापूरच्या एप्रिलमध्ये केस मोकळे सोडून बसायचे. पाठीवरून घाम खाली उतरायचा. नात्यातल्या बायकांना ती फॅशन वाटायची.

सत्तावीस वर्षांची असताना पाच महिने पाळी आली नाही, तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका बाई डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पोट तपासलं, वजन केलं आणि कागदावर काही लिहीत असतानाच उठून माझ्या मागं आल्या. दोन बोटांनी त्यांनी माझे केस बाजूला केले.

"हे कधीपासून आहे?"

"मळ आहे तो," मी म्हणाले. पदवीधर बाई, नोकरी करणारी, सभांमध्ये बोलणारी, आणि मी खरंच असं म्हणाले.

"मळ नाही हो. हे इन्सुलिन आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझं शरीर इन्सुलिन तयार करतं, पण शरीरच त्याचं ऐकत नाही. ऐकत नाही म्हणून ते आणखी तयार करतं. त्या जास्तीच्या इन्सुलिननं चरबी धरते, पाळी अडते, हनुवटीवर केस येतात, मान काळी पडते. त्याला पीसीओडी म्हणतात हे मी ऐकून होते. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मुली ते नाव सर्दीचं घ्यावं तसं घेतात. पण माझ्या मानेवर दहा वर्षं ते लिहून ठेवलेलं होतं आणि आम्ही ते वजरीनं पुसत होतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

आठवड्यानं रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर सीमेवर होती.

"घरी कुणाला शुगर?"

"वडिलांना."

"पाय बरे आहेत त्यांचे?"

"दोन बोटं काढली."

त्यांनी मान हलवली. आप्पांच्या त्या पायाचं ड्रेसिंग वर्षभर मीच केलं होतं. गरम पाणी, कापूस, पट्टी आणि तो वास. डॉक्टरांनी आकड्यावर पेननं गोल केला आणि म्हणाल्या, वजन उतरवलं तर हे इथंच थांबवता येईल. आणखी वाढलं तर तुमच्या नावापुढंही शुगर लागेल, आणि तुमचं वय पाहता पुढं फार मोठी वाट चालायची आहे.

मला बारीक दिसण्याची हौस कधीच नव्हती. त्या गोलातला आकडा पुढं जाऊ नये, एवढंच मला त्या दिवसापासून हवं होतं.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आप्पा सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली, मग एका मंगल कार्यालयात रखवालदार झाले, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढण्याचं. कामगारांची, पाण्याची, रेशनची, बसच्या भाड्याची पत्रकं. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. शाळेची गणितं मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. आमच्या पलंगाखाली कपड्यांच्या ट्रंकेपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. अशा घरात वाढलं की एक सवय लागते. काहीही वाईट घडलं की मन आधी विचारतं, याला जबाबदार कोण? आणि कोणीतरी असतोच. त्याचं नाव वर ठळक घालायचं, खाली मागण्या, त्याखाली सभेची वेळ.

मी स्वतःही लिहायला लागले होते. चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसला आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका सुपरवायझरनं पॅकिंगमधल्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तू बसलीस की स्टूल ओरडतंय." मुलगी आठवडाभर कामावर आली नाही. मी त्यावर पत्रक काढलं. बाईच्या वजनाशी मालकाचा संबंध नाही, समाजाचा नाही, सासरच्यांचा नाही. वजनकाटे फेकून द्या, असंही त्यात एक वाक्य होतं. कंपनीच्या बसमध्ये मी ते हातोहात वाटलं. त्यातला एकही शब्द मला आज मागं घ्यावासा वाटत नाही. पण दवाखान्यात काट्यावर उभी राहिले की मी पोट आत ओढून घ्यायचे. काटा पोट बघत नाही हे ठाऊक असूनही.

या आजारात घोषणा कुणाविरुद्ध द्यायची हेच मला कळत नव्हतं. मला वाटतं, त्यानंच मी जास्त थकले.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला. साखर बंद, भात बंद, मैदा बंद. प्रत्येक जेवणात दोन भाकरी, वाटीभर पालेभाजी, वरण, काकडी. रोज पाऊण तास चालणं. एक गोळी, जेवणानंतर. कागद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आई 'भाकरी' या शब्दापाशी थांबली.

"भाकरीच सांगितली न्हवं?"

"हो. दोन."

"मग काय तर! आपल्याच घरातलं औशद की. मी तर कवापासनं सांगतीया, त्या आपिसातल्या बिस्किटांनी झालंय समदं."

आमच्याकडं ज्वारीच्या भाकरीवर लोकांचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. भाकरीनं वजन वाढत नाही, भाकरीनं शुगर होत नाही, भाकरी खाणारा माणूस आजारी पडत नाही. आप्पांची बोटं गेली तेव्हाही नातेवाईक म्हणाले होते, गिरणीच्या कँटीनमधल्या पावानं गेली.

मी कागद कपाटावर चिकटवला आणि सुरुवात केली.

सकाळी साडेपाचला उठून चालायचं. आमच्या भागात बाग नाही, मैदानावर ट्रक उभे असतात, म्हणून रस्त्याच्या कडेनं. कुत्री, धूळ आणि त्या वेळीही बाकावर बसून बघत राहणारे दोन-तीन पुरुष. सात चाळीसला कंपनीची बस. गोळीनं पहिले दोन महिने पोट बिघडलेलं. कारखान्यात इतक्या बायकांना मिळून दोनच संडास, आणि मी पोट धरून रांगेत. त्यावर मी पत्रकाचा मसुदाही केला होता, पण पूर्ण करायला बसले की डोळे मिटायचे. चहा बिनसाखरेचा. वाढदिवसाचा केक आला की मी फाइल घेऊन बाहेर. उपदेश मात्र सगळ्यांकडं भरपूर होता. कोणी मेथीचं पाणी सांगितलं, कोणी दालचिनी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लग्न झालं की जातंय बघ आपोआप." मी त्यांना विचारलं, कुणाचं गेलं, एक नाव सांगा. त्या आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी लई भांडती बघा."

तीन महिन्यांनी वजन होतं तेवढंच. सहा महिन्यांनी एक किलो वाढलं. साखरही हलली होती, सीमेच्या बाहेरच्या दिशेला.

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. बाहेर गर्दी होती, त्या दमलेल्या होत्या, मीही अर्धा दिवस रजा टाकून उन्हातून आले होते.

"खरं सांगा. बाहेर काय खाता?"

"काही नाही."

"रात्री काही? गोड?"

"मॅडम, मी सांगितलं ना, काही नाही."

"पेशंट विसरतात. मूठभर फरसाण कुणी मोजत नाही."

माझ्या आत सगळी पत्रकं एकदम पेटली. मी म्हणाले, बाई जाड असली की ती खोटारडीच असणार, असंच तुम्ही गृहीत धरता. सहा महिने मी पहाटे उठतेय, सहा महिने मी लग्नात पंगतीतून उठून आलेय, आणि तुम्ही मला फरसाण विचारता. माझा आवाज बाहेर बाकावरच्या बायकांपर्यंत गेला असणार, कारण दार उघडून कंपाउंडरनं डोकं आत घातलं.

डॉक्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मी आरोप करत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण हा कागद आणि तुम्ही, दोघं एकदम खरं बोलत असाल तर मधे कुठंतरी काहीतरी आहे. ते शोधा. पुढच्या तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर मला कागदावर शुगरचं नाव लिहावं लागेल."

बसस्टॉपवर मी उभी राहून रडले. रडण्याचाही कंटाळा आला होता.

मधलं ते काहीतरी सापडलं ते कारखान्यात. माझ्या टेबलाला लागून क्वालिटीची खोली आहे. तिथं टॉवेलचा तुकडा गोल कापून छोट्या काट्यावर ठेवतात आणि कापड किती वजनाचं आहे ते बघतात. त्या खोलीत एक अक्का आहेत, पन्नाशीच्या आसपास, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, सुपरवायझरशी हिंदी, आणि शिव्या तिन्हींत. त्या दिवशी कँटीनचा पंखा बंद होता म्हणून आम्ही त्यांच्या खोलीत डबे उघडले. मी डब्यातून घडी घातलेली भाकरी काढली, उलगडली.

अक्का माझ्या हाताकडं बघत राहिल्या. "हे काय गं?"

"भाकरी."

"ही भाकरी? मला वाटलं तू सतरंजी आणलीस."

सगळ्या हसल्या. मीही हसले. "आमच्याकडं अशीच असते."

"आणि अशा किती खाती?"

"दोनच. डॉक्टरांनी दोन सांगितल्यात."

अक्कांचं हसणं थांबलं. त्यांच्या डब्यातही भाकरी होती, ज्वारीचीच, तळहाताहून जरा मोठी. त्यांनी ती माझ्या भाकरीवर ठेवली. माझी चारी बाजूंनी बाहेर उरली. "थांब," म्हणाल्या, आणि काट्यावरचं कापड बाजूला करून स्वच्छ कागद पसरला. आधी त्यांची ठेवली. मग माझी ठेवली, घडी घालून, कारण ताटलीत मावत नव्हती. माझी एक म्हणजे त्यांच्या जवळजवळ तीन होत्या.

"तुझ्या डॉक्टरनी हिला बघितलंय का?" अक्कांनी विचारलं.

नव्हतं बघितलं. डॉक्टरांनी भाकरी म्हटलं, मी भाकरी म्हटलं, आणि सहा महिने आम्ही दोघींनी एकमेकींवर संशय घेतला. मला लगेच नाव ठळक घालायची घाई झाली. छापील कागद काढणाऱ्यांना कधी भाकरी दिसली नाही, वगैरे. पण अक्का म्हणाल्या, "तू तरी कधी केलीस का भाकरी?" बाईच्या घरातल्या श्रमांवर माझी दोन पत्रकं आहेत. काठवटीत हात घालायची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती. आईनंच येऊ दिली नव्हती. पोर अभ्यास करतीया, पोर लिहितीया.

तरी एक गोष्ट मला बसमध्ये खात राहिली. आईची भाकरी मोठीच असते, लहानपणापासून. पण डब्यात ती पूर्वी एक घडी घातली की मावायची. हल्ली दोन घड्या घालाव्या लागत होत्या.

घरी आले तेव्हा आई गॅसपाशी होती, आप्पा पलंगावर पाय उशीवर ठेवून पेपर वाचत होते. मी चप्पलही काढली नव्हती.

"आई, डॉक्टरांनी दोन सांगितल्यापासून भाकरी मोठी झालीय का?"

"न्हाय बा."

"आई."

"आता पिटाचा अंदाज रोज सारका असतोय व्हय?"

"आई, तीनचं पीठ दोनात घालतेस का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं बोटानं फिरवली. "मग काय करू? तीन खानारी पोर तू. दोनात कसं भागायचं तुजं? सकाळधरनं राबतीस, पाटंचं उटून चालतीस. डाक्टरनं दोन म्हटल्या, मी दोनच दिल्या. तिसरी कदी वाडली का? सांग, वाडली का?"

नव्हती वाढली. मी एकदा तिसरी मागितली होती, तेव्हा तिनं कपाटावरच्या कागदाकडं बोट दाखवलं होतं.

आप्पा पेपरच्या मागून म्हणाले, "मला शंका आलीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ज्वारी बदलली."

या ठिकाणी मी हसायला हवं होतं. आता लिहिताना हसू येतं. पण तेव्हा मला ते सहा महिने दिसत होते, संडासाची रांग दिसत होती, डॉक्टरांसमोरचा माझा आवाज ऐकू येत होता. मी म्हणाले, "तुझ्यामुळं माझी साखर चढलीय."

आईनं भाकरी तव्यावरून काढली आणि गॅस बंद केला. काठवटीत अजून दोन भाकऱ्यांचं पीठ होतं.

"म्हंजी मी तुला आजारी पाडलं."

"तसं नाही आई, तू एकटी नाही, हे सगळं, म्हणजे बाईनं घरादाराला पोटभर घालायचं ही जी..."

"भाशन नगं," ती म्हणाली. "म्या इचारलं त्येवडं सांग."

आयुष्यभर मी जबाबदार कोण ते शोधत आले, आणि पहिल्यांदा समोर जे माणूस सापडलं ते हातांना पीठ लागलेलं, घाबरलेलं, माझी आई होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात सहा छोट्या भाकऱ्या होत्या, एकावर एक. लहान मुलाला उरलेल्या पिठाची एक इवलीशी भाकरी करून देतात, तिला आमच्याकडं चानकी म्हणतात. तशा सहा. "मोज," आई म्हणाली. "किती खायाच्या तेवड्या खा. भातुकलीच मांडलीया मी." आप्पांच्या ताटातही तशाच. "ह्येंचीबी साकर हाय की."

"माझा विरोध नोंदवून घ्या," आप्पा म्हणाले.

"नोंदवला. खावा आता."

दोन दिवस असं चाललं. ती माझ्याशी एवढंच बोलायची. मी भाकऱ्या नीट बघितल्या तेव्हा लक्षात आलं, त्या जाड होत्या आणि त्यांच्या कडा फाटल्या होत्या. आईच्या भाकरीची कड फाटलेली मी कधी पाहिली नव्हती. मोडनिंबजवळ तिचं माहेर. तिला बघायला आमच्या घरचे गेले तेव्हा आप्पांच्या आत्यानं तिला चहा करायला न लावता भाकरी थापायला लावली होती. तिनं काठवटीएवढी भाकरी थापली आणि एकही चीर न पडता तव्यावर टाकली. लग्न तिथं ठरलं, असं आत्या मरेपर्यंत सांगायची. त्या दिवसापासून आई तीच भाकरी करत आलीय. तिच्या हातांना दुसरं माप ठाऊकच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती लहान गोळा हातात फिरवत होती. थापायला लागली की तळवा सवयीनं पुढं जायचा, मग ती मध्येच थांबायची, आणि थांबली की कड फाटायची. तिनं फाटलेली भाकरी उचलून बघितली, पुन्हा मळली, पुन्हा थापली. पुन्हा फाटली.

"माज्या हाताला ल्हान येत न्हाय गं," ती म्हणाली. तीन दिवसांतलं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"राहू दे. तुझी तशीच कर. आधीची, तीनचं पीठ दोनात घातलेली नव्हे. मी अर्धी खाते."

"आणि अर्दी? टाकायची व्हय? ताटातली भाकरी मोडून टाकत्यात व्हय?"

"टाकायची नाही. ती तू खा."

"मी मागनं खाते की."

"मागनं नाही, आत्ताच. एका भाकरीतली. तुझी नंतर असली की मला अर्धीवर थांबता येणार नाही. समोर कुणी दुसरी अर्धी खात असलं तर येईल."

हे मी बेतून बोलले नव्हते. भुकेनं, थकून, त्या क्षणी सुचलं ते बोलले. आई सगळ्यांनंतर जेवायची, निवलेलं, बऱ्याचदा कालचं. त्यावर मी लिहिलं होतं, आप्पांनी छापलं होतं, आईनं त्या पत्रकात चटणी बांधून दिली होती, आणि आमच्या घरात काहीही बदललं नव्हतं.

"भाकरी कोन टाकंल मग तव्यावर?"

"आधी सगळ्या करून घे."

"निवत्याल."

"निवू देत."

ती बसली, पण धड बसली नाही. एक गुडघा वर, तोंड गॅसकडं, दुसऱ्याच्या घरी जेवायला बसावं तशी. भाकरी तिनंच मोडली. भराभर खाल्ली आणि मध्येच दोनदा उठली, एकदा पाण्याला, एकदा उगीच.

त्यानंतरचे तीन महिने सोपे नव्हते. अर्ध्या भाकरीनंतर भूक थांबत नाही. ती तासभर बसून राहते, समोर, आणि विचारत राहते. मी ताक प्यायचे, काकडी खायचे आणि चिडचिड करायचे. बसमध्ये मला झोप लागायची. चालणं चुकलेले दिवस बरेच होते. पाळी एकदा आली, मग पुन्हा गेली. अक्का रोज डबा उघडला की विचारायच्या, "सतरंजी का रुमाल?" आणि मी अर्धी भाकरी त्यांच्या नाकासमोर धरायचे.

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांना मी भाकरीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा तो छापील कागद ओढून घेतला, 'दोन भाकरी' या शब्दांकडं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "केवढी होती?" मी हातांनी दाखवली. त्यांनी डोळे मिटले.

साखर उतरली होती. थोडी. अजून सीमेवरच होती, पण आतल्या बाजूला सरकलेली. वजन अडीच किलोनं कमी. नाव लिहायची गरज नाही, त्या म्हणाल्या, आत्ता तरी.

"म्हणजे आता?"

"चालू ठेवा."

"किती दिवस?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, कंटाळाही नव्हता. मी त्यांना तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. बाहेर बाकावर माझ्यापेक्षा लहान दोन मुली बसल्या होत्या, एकीनं मानेवरून ओढणी घट्ट लपेटून घेतली होती, त्या उकाड्यात. तिला काहीतरी सांगावं असं वाटलं. पण तिची आई शेजारीच बसली होती, आणि माझ्यात तेवढा जोर नव्हता. मी निघून आले. ते मला अजून टोचतं.

घरी पोचले तर आईनं दारातच विचारलं, "किती?"

"उतरलीय. थोडी."

"थोडीच?"

"थोडीच."

ती आत गेली. मी हातपाय धुऊन आले तोवर ताट वाढलेलं होतं. तिनं भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"आई, हा मोठा आहे."

"कुटं मोटा हाय? सारकाच हाय."

"मोठा आहे. तू घे."

"आगं उतरली न्हवं आज? आजच्या दिवस खा की."

मी तो तिच्याकडं सरकवला. तिनं परत सरकवला. आप्पा पलंगावरून म्हणाले, मतदान घ्या. आई म्हणाली, तुमी गप बसा. मी तो मोठा तुकडा उचलून तिच्या हातात दिला आणि ती खायला लागेपर्यंत माझा घास हातातच धरून बसले.

आणखी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं आहे.